खड्ड्याला पाणी घातलं का?

गफूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी आलं होतं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांआड येतो आणि आला की तासभर टिकतो. त्या तासात कोणी आजारी पडू नये, पाहुण्याने येऊ नये, असा आमच्या घरचा अलिखित कायदा आहे. फोन त्यांच्या मुलाचा, सलीमचा होता. "बाई, अब्बा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत," एवढंच तो बोलला. मी "अरे देवा" म्हटलं, फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरला, आणि भरलेली घागर बाजूला करून रिकामी घागर नळाखाली सरकवली. हाताला सवयच तशी. सलीम तिकडे रडत होता, मी इकडे घागरी बदलत होते. फोन ठेवल्यावरही दोन बादल्या, एक पातेलं आणि मागचा निळा ड्रम मी काठोकाठ भरला, नळ फुसफुसून बंद पडला, आणि मग ओल्या ओट्यावर बसून मला रडू आलं. गफूरभाईंसाठी तर आलंच, पण त्यात स्वतःची लाजही होती. तिचं कारण फक्त मला ठाऊक आहे, असं मी तेव्हा समजत होते. पाच दिवसांपूर्वी मी त्या माणसाशी तोंडावर खोटं बोलले होते, तेही पाण्यावरून.

गफूरभाई सेनगावचे वायरमन. मी नरसीच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरीण होते, आणि शाळेचे पंखे, दिवे, पाण्याची मोटार हे सगळं त्यांच्या हातचं. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर आणि एक छोटी पेन्सिल. माणूस इतका सावकाश, की मुख्याध्यापक त्यांना ‘उद्याचे गफूरभाई’ म्हणत. आज बोलावलं की ते उद्या येत, आणि आले की आधी अर्धा तास नुसतं बघत. वायर कुठून आली, कुठे गेली, भिंत ओल धरते का, उंदीर आहेत का... आम्ही चहा पाजून थकायचो. एकदा मी वैतागून म्हटलं, "गफूरभाई, लग्नाची मुलगी बघताय का?" त्यावर ते वर छताकडे बघतच म्हणाले, "तिच्यापेक्षा जास्ती बघावं लागतं बाई. मुलगी बोलून तरी सांगते." राग कधी आलाच तर तो पेन्सिलीवर निघायचा, दातांत धरून चावायचे.

आमच्या घरामागे पत्र्याचं शेड आहे. पूर्वी तिथे म्हैस होती आणि कडबा कापायचं यंत्र होतं. म्हैस विकली, यंत्र गंजलं, आणि सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या सुनेने, सुनीताने, तिथे हळद-मिरची दळायची चक्की बसवायचं ठरवलं. माझा मुलगा परभणीला नोकरीला, आठवड्याला येतो. तोवर दिवसभर माझं तोंड बघत बसण्यापेक्षा पोरीने काही करावं हे मलाही पटलं होतं. शेडमधली वायरिंग म्हणाल तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेल्या दोन तारा, कपडे वाळत घालायच्या तारेला गुंडाळत गुंडाळत शेडपर्यंत पोहोचलेल्या. माझ्या नवऱ्याने हयात असताना स्वतःच्या हाताने केलेलं ते काम. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन भोकात जाईना म्हणून त्यांनी ती करवतीने कापून टाकली होती, आणि या युक्तीचा त्यांना मरेपर्यंत अभिमान होता. गफूरभाईंनी तो प्लग हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "साहेबांनी कापली व्हय?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अल्लानं लई सांभाळलं तुमाला," आणि प्लग खिशात टाकला.

मग त्यांनी जे काम सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. शेडला घरातून नवी वेगळी वायर, तिच्यात तिसरी तार अर्थिंगची. करंट गळाला की आपोआप पडणारी खटक्याची पेटी. शेडमागे नवा अर्थिंगचा खड्डा. आणि एवढ्यावर न थांबता चक्कीचं अंग, लोखंडी खांब, छताचे पत्रे, शेडलगतच्या हौदावरच्या नळाचा लोखंडी पाइप हे सगळं एका हिरव्या तारेने एकमेकांना जोडायचं. मी म्हटलं, "चक्कीचं समजलं. पण पत्र्याला तार कशाला? पत्र्यावर कोण लाइट लावतंय?"

"माणूस न्हाई लावत बाई. उंदीर लावतो," ते म्हणाले. "वायर कुरतडली, तार पत्र्याला टेकली, की झाला पत्रा जिता. आता समजा पोरीचा एक हात चक्कीवर अन् एक हात नळावर. चक्कीत करंट, नळात न्हाई. दोघांमधला रस्ता कोन? पोरगी. म्हनून सगळं लोखंड एका तारेत बांधून टाकायचं. फरकच ठिवायचा न्हाई कोनात."

पस्तीस वर्षं पोरांना शिकवून मला इतक्या थोडक्यात कुठली गोष्ट समजावता आली असेल असं वाटत नाही. सुनीता बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने त्याच दिवसापासून त्यांना ‘चाचा’ म्हणायला सुरुवात केली.

खड्ड्याची एक वेगळीच गंमत झाली. गफूरभाईंनी दोन माणसं लावून शेडमागे दीड पुरुष खोल खणलं. वरची काळी माती संपून मुरूम लागला, तरी खाली चाललेच. मग पाइप उभा केला आणि त्याच्या भोवती कोळशाचा थर, खड्या मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ... दुपारची वेळ, उन्हात डोक्याला रुमाल बांधलेला माणूस खड्ड्यात मीठ टाकतोय हे शेजारच्या बाईने गच्चीवरून पाहिलं. दिवेलागणीच्या आत गल्लीभर झालं की मास्तरीणबाईंनी घरामागे भानामतीचा उतारा पुरला. जन्मभर पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी मी, आणि माझ्याच दारात दोन बाया लिंबू-मिरची ठेवून गेल्या! गफूरभाईंना हे सांगितलं तेव्हा ते प्रथमच खळखळून हसले. म्हणाले, "बराबर हाय की. भूतच तर पुरून ऱ्हायलो आमी. करंटाचं."

त्याच संध्याकाळी मातीच्या ढिगावर बसून त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी विचारलं होतं, एवढं कशाला, नळाच्या पाइपाला अर्थिंगची तार बांधली तर नाही का चालत, सगळे तर तसंच करतात. त्यांनी मिठाचा एक खडा उचलला. मग म्हणाले, "मीबी तसंच केल्तं बाई. बहिणीच्या घरी." तरुणपणी, नवं नवं काम शिकलेले असताना, त्यांनी धाकट्या बहिणीच्या सासरी अंगणातल्या न्हाणीत दिवा आणि पाणी तापवायचा रॉड बसवून दिला होता. अर्थिंगची तार जमिनीत गेलेल्या लोखंडी पाइपाला बांधली होती. दोन वर्षांनी त्या घरात प्लास्टिकचा पाइप टाकला. जुना लोखंडी तुकडा न्हाणीत तसाच राहिला, तार तशीच बांधलेली राहिली, पण जमिनीशी असलेलं तिचं नातं तुटलं. कोणाला कळलं नाही, कोणी त्यांना सांगितलं नाही. रॉड बिघडला त्या दिवशी बहीण नळ धरून उभी होती... "सासरचे म्हणले तुझी काय चूक, पाइप आमी बदलला. पण तार माझी व्हती ना. मी लावून घरी गेलो. पुन्हा बघाया गेलोच न्हाई. काम झालं म्हंजे सुटलं, असं वाटलं मला." हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. हातातला मिठाचा खडा मात्र ते बोटांनी सारखा चुरत राहिले.

मग मला कळलं की हा माणूस आपण काम केलेल्या प्रत्येक घरी दर उन्हाळ्यात पुन्हा का जातो. न बोलावता. अर्थिंगची माती ओली असली तरच ती करंट ओढून घेते, आणि आमच्याकडचा चैत्र-वैशाख माती नुसती वाळवत नाही, भाजून काढतो. म्हणून खड्ड्याच्या पाइपाला वर एक नरसाळं बसवलेलं असतं, त्यातून आठवड्याला दोन बादल्या पाणी सोडायचं. "पेटीवर भरवसा ठिवा, पन मातीला पानी पाजा. पेटी कधी दगा दिल सांगता येत न्हाई," असं ते सांगून गेले. पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांच्याशी भांडले. नळ आठ दिवसांआड, टँकरवर बायकांच्या झिंज्या ओढायची पाळी, आणि मी खड्ड्यात बादल्या ओतू? "माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी खड्ड्याला पाजायला सांगून राहिलात!" मी चक्क त्यांच्यासारखीच बोलले. त्यांनी पेन्सिल चावली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला मागे दोन कॅन बांधून सेनगावहून आले आणि खड्ड्यात ओतून गेले. घरातल्या माणसांच्या वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतलेलं, आणि कपडे खळबळलेलं पाणी ते मोठ्या पातेल्यात धरून ठेवायचे. "वायाच जानारं हाय बाई, तुमी कशाला जीवाला लावून घेता," म्हणाले. एका वर्षी रोजे भर उन्हाळ्यात आले होते. तोंडात पाण्याचा थेंब नाही, ओठ पांढरे पडलेले, आणि हा माणूस माझ्या खड्ड्याला पाणी पाजतोय... मी आत जाऊन दार लावून घेतलं होतं. इतकी शरम वाटूनही दुसऱ्या आठवड्यात मी पाणी घातलं नाही ते नाहीच. ते येतील, घालतील, असं गृहीत धरायची सवय लागली होती मला.

ओतून झालं की ते टेस्टलॅम्प काढायचे. साध्या होल्डरमधला शंभरचा बल्ब, त्याला दोन वायरी. एक वायर फेजला, एक अर्थिंगला. माती ओली असेल तर बल्ब झगझगीत लागतो, वाळली असेल तर निखाऱ्यासारखा लाल नुसता. बल्ब लख्ख लागला की ते त्याच्याकडे बघून हळूच मान हलवायचे आणि वायरी गुंडाळून पिशवीत ठेवायचे. चहा मग प्यायचे, आधी कधीच नाही.

यंदा होळीनंतर त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "बाई, यंदा मला जमंल का न्हाई सांगता येत न्हाई. दम लागून राहिला. डॉक्टरनं गाडी बंद केली. तुमीच आठवड्याला दोन बादल्या घाला. घालताल ना?" मी म्हटलं, घालते की, तुम्ही काळजी करू नका. आणि खरं सांगते, मनात होतंही. पण पहिल्या आठवड्यात पाहुणे होते, दुसऱ्या आठवड्यात नळच आला नाही, तिसऱ्या आठवड्यात ड्रम भरलेला होता आणि मला तो रिकामा करवला नाही. सुनीताची चक्की रोज चालत होती, कोणाला काही झालं नव्हतं. काही होत नाही तोवर सगळं ठीकच असतं, असं मन सांगतं. चौथ्या आठवड्यात मी विसरूनच गेले.

आणि एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास गफूरभाई दारात उभे. सेनगावहून जीपने आले होते, खांद्याला पिशवी, हाताने चौकट धरलेली. किती वाळले होते! आल्या आल्या, बसायच्याही आधी त्यांनी विचारलं, "बाई, खड्ड्याला पानी घातलं का?"

"हो, घातलं की," मी म्हटलं.

पस्तीस वर्षं मी वर्गात ‘गृहपाठ केला का’ विचारत आले. न केलेल्या पोराचं ‘हो बाई’ कसं असतं ते मला पाठ आहे. जरा लवकर येतं, जरा मोठ्याने येतं. माझं ‘हो’ तसंच आलं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, "बराबर," म्हणाले, आणि हळूहळू शेडकडे गेले. मी चहा ठेवायला आत पळाले. खरं तर मी चहाला नाही, त्यांच्या डोळ्यांसमोरून पळाले. मुद्दाम आलं किसलं, डबे पुसत बसले, अर्धा-पाऊण तास काढला. चहा घेऊन आले तेव्हा ते शेडच्या सावलीत पाटावर बसले होते, कपाळावर घाम, श्वास वर लागलेला. "कसा लागला दिवा?" मी भीत भीत विचारलं. "लख्ख," ते म्हणाले. मला वाटलं, सुटले! माती अजून ओली असेल, देवाने झाकलं. ते चहा प्याले, सुनीताच्या हळदीचा वास घेऊन "चांगली दळतीस पोरी" म्हणाले, आणि जीपला उशीर होईल म्हणून उठले. दारापर्यंत पोहोचवायला गेले तर वळून म्हणाले, "चला बाई. पानी घालत ऱ्हावा." पाच दिवसांनी सलीमचा फोन आला.

दफनाला बायका जात नाहीत. आठ-दहा दिवसांनी त्यांच्या घरी भेटायला जायचं ठरवलं, तेव्हा मला शेडमध्ये खिळ्याला त्यांचा टेस्टलॅम्प लटकलेला दिसला. विसरून गेले बिचारे, असं म्हणत मी तो काढून पिशवीत घालू लागले. सुनीता म्हणाली, "आई, तो विसरले न्हाईत चाचा. माझ्यासाठी ठिवलाय." तिने मान खाली घातली, आणि मग सगळं सांगितलं. त्या दिवशी मी आत चहा करत होते तेव्हा त्यांनी दिवा लावून पाहिला, तो लाल सुद्धा धड लागला नाही. त्यांनी ड्रमकडे बघून बादली मागितली. सुनीता म्हणाली, मी घालते, तुम्ही बसा. तर म्हणाले, "न्हाई, हे माझं काम हाय." दोन्ही बादल्या त्यांनी स्वतः उचलून नेल्या, मधे दोनदा खाली ठेवून, खांबाला धरून. मग पाणी मुरायची वाट बघत बसले, पुन्हा दिवा लावला, तो बराचसा उजळला. सुनीताला पायात रबरी चप्पल घालून पाटावर उभं केलं, पेटीच्या अलीकडे, म्हणजे पेटी पडणार नाही अशा जागी, कुठली वायर कुठे टेकवायची ते तिच्याकडून तीनदा करून घेतलं आणि दिवा खिळ्याला अडकवला. "अन् म्हनले, बाईला सांगू नको. त्यांना वाईट वाटंल."

मी तिला खूप बोलले. तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस, का नाही अडवलंस त्यांना, असं काय काय. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आई, त्या चक्कीवर रोज मी हात ठिवते. तुमी पानी काहून न्हाई घातलं?" सून गेली सात वर्षं मला उलट बोलली नव्हती, आणि आताही तिने आवाज चढवला नव्हता.

सेनगावला गेले ती वाटभर तेच मोजत. दम लागलेल्या माणसाने माझ्यासाठी दोन बादल्या उचलल्या आणि पाच दिवसांत गेला. डॉक्टर काहीही म्हणोत, माझ्या मनाचं गणित एकच उत्तर देत होतं. भाभी, म्हणजे गफूरभाईंची बायको, आतल्या खोलीत बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्याकडून आले ते लई खूश व्हते. म्हनले, बाईच्या घरचा दिवा लख्ख लागला. बाईनं पानी बराबर घातलं व्हतं."

गप्प बसले असते तर कोणालाच कधी कळलं नसतं, आणि त्यांचीही तीच इच्छा होती. पण त्या माणसाने माझ्यासाठी शेवटचं खोटं बोलावं आणि ते मी पदराआड जपून ठेवावं, हे मला झेपलं नाही. मी म्हटलं, "न्हाई घातलं भाभी. त्यांनी घातलं. मी खोटं बोलले त्यांच्याशी." आणि बादल्यांचंही सांगितलं, काही न झाकता. भाभींनी माझा हात सोडला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराशेजारी ते मोठं पातेलं होतं, वजूचं पाणी धरायचं, अजून तिथेच, अर्धं भरलेलं. त्या माफ केलं म्हणाल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "मग आता घाला."

आता दर रविवारी सकाळी, देवाला पाणी घालायच्या आधी, त्या नरसाळ्यात आम्ही दोन बादल्या ओततो, असं लिहिणार होते, पण नाही, मीच ओतते. सुनीताला हात लावू देत नाही. नळ आला असो वा नसो. गल्लीतल्या बाया म्हणतात, म्हातारीला भानामतीने पुन्हा धरलं. म्हणू देत. पाणी खाली जाताना पाइपात गुडगुड असा आवाज येतो, तो थांबेपर्यंत मी तिथेच उभी राहते. मग सुनीता चक्की सुरू करायच्या आधी चप्पल घालते, पाट सरकवते, आणि खिळ्यावरचा दिवा काढते.

"आई, खड्ड्याला पानी घातलं का?" ती विचारते.

"हो, घातलं," मी म्हणते.

ती मान हलवते, आणि तरीही दिवा लावून बघते. बरं करते.